खोलीची खोली

मराठीत ‘खोली’ म्हणजे राहायची जागा, आणि विहिरीला किंवा कपाटाला असते तीही खोलीच. वरळीच्या बीडीडी चाळीतलं मावशीचं बिऱ्हाड आठवलं की हे दोन अर्थ माझ्या मनात एकमेकांना बिलगून येतात. तिथली प्रत्येक वस्तू, भिंतीपासून किती पुढे येते हे पाहूनच घरात आली होती.

या चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. मजल्यावर २०, चाळीत ८०. एकेक खोली १६० चौरस फुटांची. बोळ मधून जात असल्यानं उजेड यायचा तो समोरच्या खिडकीतूनच. मावशीनं सामान लावताना पहिली गोष्ट सांभाळली ती ही : दार उघडलं की नजर थेट खिडकीपर्यंत गेली पाहिजे, मध्ये काही आडवं येता कामा नये. म्हणून ती खोली चिंचोळी कधी वाटली नाही. खिडकीबाहेरचं आकाश आमच्या खोलीचाच भाग वाटायचं.

आता लोखंडी कपाट पाहा. साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून जरा जास्त खोल. आपण विकत घेताना एवढंच मोजतो. पण त्याची दारंही दीड-दीड फुटांची असतात, आणि ती उघडली की कपाट भिंतीपासून तीन फूट पुढे येतं. मावशी शाळा फारशी शिकली नव्हती, पण बंद कपाट आणि उघडं कपाट या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तिला ठाऊक होतं. तिनं ते दाराजवळच्या कोपऱ्यात अशा बेतानं उभं केलं, की उघडं दार बाजूच्या भिंतीला टेकायचं आणि भरलेला हंडा घेऊन येणाऱ्याची वाट मोकळी राहायची. कपाटाचा आरसा खिडकीकडे तोंड करून होता. दुपारी तीन-साडेतीनला त्या आरशातून उजेड परतायचा आणि मोरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भांडी घासणाऱ्या हातांवर पडायचा. मला त्या खोलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि तिच्यासाठी मावशीला एक पैसाही लागला नव्हता.

कॉटचे पाय दोन-दोन विटांवर चढवलेले. कॉटची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्यावरून ठरली नव्हती, खाली सरकवायच्या पत्र्याच्या ट्रंकेवरून ठरली होती. त्यामुळे आम्हा मुलांचे पाय लोंबकळायचे, पण दोन ट्रंका, शिलाईचं मशीन आणि पावसाळ्यातल्या गोधड्या तिच्या पोटात जायच्या. मांडणीचंही तसंच. पसरट ताट आडवं ठेवलं तर फळी फूटभर रुंद लागते. तेच ताट तोंड पुढे करून दांडीमागं उभं केलं की चार बोटांत काम भागतं. मांडणी डोक्याच्या उंचीवर ठोकलेली, म्हणजे खाली पाटावर बसून भाकरी थापणारीचा खांदा कुठं अडत नसे. कपडे छतालगतच्या दांडीवर, काठीनं चढवायचे आणि काठीनंच उतरवायचे. मोरीवर माळा.

सगळं भिंतींनी आणि छतानं उचलून धरलेलं होतं, आणि मध्ये जमीन मोकळी. हे मोकळेपण मावशीनं आयुष्यभर राखलं. सकाळी तिथं पंगत, दुपारी निवडायला पसरलेले गहू, संध्याकाळी अभ्यास, रात्री सहा अंथरुणं. गणपतीत दीड दिवस चौरंगही तिथंच.

मोठ्या वास्तुकारालाही असाच मध्य सांभाळावासा वाटला होता. ल कॉर्ब्युझियेनं १९५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी झोपडी बांधली. ३.६६ मीटर लांब, तेवढीच रुंद, म्हणजे आपल्या हिशोबात बारा बाय बारा. उंची २.२६ मीटर, हात वर केलेल्या माणसाच्या मापाची. पलंग, टेबल, कपाट, सगळं कडेकडेनं लावलेलं आणि बसायला लाकडी खोकी. २०१६ मध्ये त्याच्या इतर कामांसोबत ही झोपडीही जागतिक वारशात गेली. तिची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर वेळी मावशीचं पारडं जड होतं. कारण त्या झोपडीत स्वयंपाकघर नाही, शेजारच्या खानावळीत जायला दार आहे. मावशीला त्याच जमिनीवर रोज सहा जणांचा स्वयंपाकही करायचा होता.

नवी वस्तू घ्यायची झाली की मावशी आधी खडू घ्यायची. वस्तूच्या मापाची चौकट जमिनीवर आखायची आणि घरातल्यांना दोन दिवस तिच्यावर पाय न ठेवता वावरायला लावायची. मावसभावाच्या लग्नाच्या वेळी तो एका दुकानात तीन जणांचा सोफा पाहून आला, सात फूट बाय तीन फूट. दुकानाच्या त्या भल्यामोठ्या दालनात तो नाजूक दिसला असणार. खडूनं आखल्यावर कळलं की १६० पैकी २१ चौरस फूट एकटा सोफाच घेतोय, आणि पुढे पाय ठेवायला दीड फूट लागेल ते वेगळंच. पहिल्याच रात्री दोन अंथरुणं बसेनात. सोफा आला नाही. घडीच्या दोन खुर्च्या आल्या आणि दिवसभर दारामागच्या खिळ्याला टांगलेल्या राहिल्या.

वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, तेव्हा मावशीचंही घर त्यांत होतं. ५०० चौरस फूट. भावानं पलंगाची लांबी-रुंदी टेपनं मोजून कागदावर लिहून आणली. मावशी खडू घेऊन वाकली, पण गुळगुळीत लादीवर खडू उमटेना. तिनं रद्दीतली वर्तमानपत्रं मागवली, पलंगाच्या मापानं ती कडेला कड लावून पसरली, आणि मग आम्हाला म्हणाली, “आता त्या कपाटाचं दार पुरतं उघडून दाखवा.”