वावटळ विरते कशी?

वैशाखात खामगावच्या मोकळ्या मैदानांवर वावटळी उठतात. पालापाचोळा, कपाशीचे तूस, कागदाचे कपटे गरगरत वर जातात आणि काही मिनिटांत सारे शांत होते. वर्गात प्रश्न येतो, "सर, ती गेली कुठे?" ठरीव उत्तर तयार असते: घर्षणाने तिची गती नाहीशी झाली.

या उत्तरावर आमचा आक्षेप आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वावटळीची रुंदी १० मीटर धरू. हवेची श्यानता भागिले घनता ही राशी सुमारे ०.००००१५ चौरस मीटर दर सेकंदास एवढी भरते. केवळ श्यानतेने भोवरा विरण्याचा अदमासे काळ म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले ही राशी. उत्तर येते सुमारे ६७ लाख सेकंद, म्हणजे अडीच महिने! वैशाखातली वावटळ श्रावणापर्यंत फिरायला हवी.

खालच्या तापलेल्या हवेचा पुरवठा तुटला की वावटळीचे बळ सरते, जमिनीशी घासूनही ती मंदावते, हे खरेच. पण पुस्तके गाळतात ती पायरी वेगळी आहे. मोठ्या भोवऱ्याची ऊर्जा लहान भोवऱ्यांत, त्यांची आणखी लहानांत उतरत जाते. लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये ही कल्पना मांडली. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये तिला गणिती रूप दिले. आता तोच भागाकार १ मिलिमीटरच्या भोवऱ्यासाठी करून पाहावा. सेकंदाचा पंधरावा भाग! श्यानता आपले काम करते ते इथे, आणि गतीची उष्णता होते.

ही पायरी ज्या मोजक्या तक्त्यांवर दिसते, तिथे मोठे वर्तुळ फुटून छोटी वर्तुळे झालेली दाखवतात. चित्र सुबक, पण फसवे. भोवरा लाडवासारखा फुटत नाही; शेजारचा प्रवाह त्याला ताणतो, तो बारीक होतो आणि अधिक वेगाने फिरतो. दोरीला बांधून फिरवलेला दगड दोरी आखडताच वेग घेतो, तसेच हे.

आणखी एक सर्रास ऐकू येणारे विधान: वावटळीची दिशा पृथ्वीच्या परिवलनाने ठरते. चक्रीवादळाबाबत ते योग्य आहे. एवढ्याशा वावटळीवर मात्र तो परिणाम नगण्य असतो, आणि निरीक्षणांत दोन्ही दिशांच्या वावटळी जवळपास सारख्याच आढळतात. वावटळीत भूत असते म्हणणाऱ्या आजीला आपण हसतो. न तपासता सांगितलेले "परिवलन" त्याहून फार वेगळे नाही. येत्या वैशाखात मुलांकडून दिशा आणि टिकल्याचा वेळ यांची नोंद करून घ्यावी. उभे मात्र लांबच राहावे, धूळ डोळ्यांत जाते.