युद्धस्मारक नाणीं आणि पदकांची कड

कोल्हापुरांतील एका संग्राहक मित्रांनीं आपला ‘युद्धस्मारक’ नाण्यांचा व पदकांचा संग्रह आम्हांस नुकताच दाखविला व त्यावर मत विचारलें. संग्रह कष्टानें जमविलेला आहे आणि तो सावकाश पाहूं दिल्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोंत. परंतु मत विचारलेंच आहे तर तें आडपडदा न ठेवतां सांगितलें पाहिजे. स्मारक म्हणजे स्मरण करून देणारें. कोणाचें, कोठलें व केव्हांचें, या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर जी वस्तु देत नाहीं, तिला स्मारक म्हणणें म्हणजे शब्दावर अन्याय करणें होय.

पहिल्याच खणांत कोल्हापूरच्या परिसरांत सांपडणारीं शिशाचीं प्राचीन नाणीं आहेत. त्यांच्या एका अंगास धनुष्यबाण असल्यामुळें ‘युद्धविजयाचें नाणें’ अशी चिठ्ठी त्यांस लाविली आहे. ही चिठ्ठी काढून टाकावी. वासिठीपुत विळिवायकुराच्या नाण्यांवर माढरिपुत सिवलकुरानें आपला ठसा मारला आणि या दोघांच्याही नाण्यांवर पुढें गोतमिपुत विळिवायकुरानें मारला, हें उघड दिसतें. त्यावरून कोण आधीं व कोण मागाहून, एवढें सिद्ध होतें. एकानें दुसऱ्यास रणांत जिंकलें, हें मात्र त्यावरून निघत नाहीं. धनुष्य हें राजचिन्हही असूं शकतें.

पुनर्मुद्रणावरून विजय केव्हां मानावा, याचें उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभीचें आहे. तेथें १९०६ सालीं क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा सांठा मिळाला व त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें, एका अंगास चैत्य व दुसऱ्या अंगास उज्जयिनीचिन्ह, उठविलेलीं आढळलीं. कित्येकांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अर्धवट डोकावतो. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत तिच्या पुत्रानें क्षहरात वंश निःशेष केल्याचें सांगितलें आहे. लेख व नाणें येथें एकमेकांची साक्ष देतात, म्हणून त्या नाण्यांस विजयस्मारक म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. कोल्हापूरच्या शिशाच्या नाण्यांच्या पाठीशीं असा शिलालेख उभा नाहीं.

दुसऱ्या खणांतील ‘ग्वाल्हेरचा तारा’ पाहून आमचें मन कांहींसें उदास झालें. महाराजपूर व पनियार येथील लढाया २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशीं झाल्या. शिंद्यांच्या ज्या तोफा इंग्रजांनीं तेथें हस्तगत केल्या, त्यांच्याच धातूचा हा सहा टोकांचा तारा ओतला गेला. मध्यभागीं रुप्याची लहान तारका व तिच्याभोंवतीं लढाईचें नांव आणि तारीख. पदक विजेत्यांचें, धातु पराजितांचा. स्थळ व काळ दोन्ही तोंडावर कोरलेले असल्यामुळें तें पुराव्याच्या कसोटीस पूर्ण उतरतें. तें आपल्या पराभवाचें आहे म्हणून संग्रहांतून वगळावें, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं.

तिसरा खण स्वतंत्र भारताच्या टांकसाळींतील नाण्यांचा. १८५७ च्या संग्रामास दीडशें वर्षें झालीं त्या निमित्तानें २००७ मध्यें निघालेलें, व १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचें २०१५ मधील, हीं त्यांत मुख्य. दुसऱ्यावर अमर जवान स्मारक, बाजूंस ऑलिव्हच्या डहाळ्या आणि शौर्य व बलिदान हे शब्द आहेत. हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु ज्या रणभूमीवर तें शौर्य गाजलें तिचें नांव नाहीं, पलटणीचें नाहीं, शिपायाचें तर नाहींच. टांकसाळीच्या पेटीबंद संचांतून तें झळझळीत मिळतें, आणि आमच्या मित्रांनीं त्यास मखमलीची बैठक दिली आहे.

मखमल ज्यास शोभली असती तीं पदकें मात्र एका डब्यांत एकावर एक पडलीं आहेत! पहिल्या महायुद्धाचें रुप्याचें पदक हें वजनानें सुमारें अडीच तोळे. एका अंगास पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगास अश्वारूढ पुरुष व १९१४ व १९१८ हीं सालें. तोंडाकडून पाहिलें तर लाखों पदकें एकसारखीं. वाचावयाची ती कड. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण तिच्यावर ठोकलेलीं असतात. मराठी मुलखांतील कित्येक गांवीं संगमरवरी पाट्या आहेत. गांवांतून इतके गेले व त्यांतले इतके पडले, एवढाच त्यांत हिशेब. नांव त्या पाटीवर नाहीं, तें पदकाच्या कडेवर आहे. मजुरांच्या तुकड्यांस हेंच पदक कांशाचें मिळालें, तेव्हां धातूही माहिती देतो.

आणि हीच पदकें नाहींशीं होत आहेत. तारा व विजयपदक कांशाचीं म्हणून घरांत राहतात. रुप्याचें तेवढें गुजरींत वजनावर जातें. त्याचें हुपरीस पैंजण होतें कीं आणखी कांहीं, कोण सांगणार? त्याहून वाईट असे संग्राहक, जे पदक चकचकीत दिसावें म्हणून कडेसह घासतात. ज्यांच्या घरीं तारा शिल्लक असेल त्यांनीं त्याची पाठ पाहावी; नांव तेथेंही असतें. विकत घेणाऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं कड अक्षरशः उतरून घ्यावी, आणि घराण्याचा गांव विचारून तोही लिहून ठेवावा.

आमच्या मित्रांच्या डब्यांतील एका पदकास कोणीं तरी गळ्यांत घालण्यासाठीं नवें कडें जोडलें आहे व कड कानशीनें घासली आहे. भिंगांतून पाहतां नांव गेलेलें. पलटणीच्या क्रमांकांतील पहिला एक व त्यापुढील शून्य उरलें आहे, आणि तिसऱ्या इंग्रजी आंकड्याचा केवळ खालचा अर्धा भाग. इंग्रजी तीन व पांच यांचा खालचा भाग सारखाच. १०३ वी मराठा पलटण कुटच्या वेढ्यांत सांपडून २९ एप्रिल १९१६ रोजीं कैद झाली. १०५ वी त्या वेढ्यांत नव्हती. हा मनुष्य कोणत्या पलटणीचा, हें आम्हीं तिन्हीसांजेपर्यंत निरनिराळ्या उजेडांत पाहिलें, पण ठरलें नाहीं.