नाव तेच, अर्थ वेगळा

आर्डुइनोची १.० आवृत्ती २०११ मध्ये आली. तिच्यात वायर लायब्ररीतील 'सेंड'चे 'राइट' झाले. जुना प्रोग्राम कंपाइलर अडवतो, त्यामुळे चूक तुम्हाला लगेच कळते.

'सिरियल.फ्लश()'चे मात्र नाव तेच राहिले आणि अर्थ बदलला. पूर्वी ते आलेला पण न वाचलेला डेटा टाकून देत असे; आता पाठवायचा डेटा पूर्ण जाईपर्यंत थांबते. नवा अर्थ अधिक योग्य आहे, सी भाषेतील 'एफफ्लश'शी जुळणारा. तरीही पद्धत चुकली, असे माझे मत आहे. जुना प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो आणि बफरमधला शिळा डेटा वाचत राहतो. अर्थ बदलायचा असेल, तर नावही बदलावे.

जुन्या पुस्तकातला कोड वापरताना आधी त्याची आवृत्ती पाहा. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही ती नोंदवा.