राखणदाराचा मृत्यू आणि हेलबॉय

गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘हेलबॉय २ : द गोल्डन आर्मी’ (२००८) या चित्रपटाबद्दल त्याचे चाहतेही जरा बेतानंच बोलतात. डोळ्यांना मेजवानी, राक्षस एकाहून एक, कथा मात्र यथातथा, असं काहीसं. मीही या चित्रपटाची चाहती आहे, पण हे मला पटत नाही. कथा यथातथा नाही. ती फार चांगली आहे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत देल तोरो स्वतःच तिला बिचकतात, ही माझी तक्रार आहे.

सुरुवात १९५५ सालच्या नाताळात होते. लष्करी तळावर वाढणारा लाल कातडीचा, शिंगं असलेला मुलगा झोपायला तयार नाही, म्हणून त्याचा मानलेला बाप, प्रोफेसर ब्रूम, त्याला गोष्ट वाचून दाखवतो. माणसं आणि अद्भुत प्राणी यांच्यात फार पूर्वी युद्ध झालं. एल्फांचा राजा बॅलर यानं सत्तर गुणिले सत्तर अशी न थकणारी सुवर्णसेना घडवून घेतली, आणि तिनं केलेला संहार पाहून त्याचं त्यालाच भय वाटलं. तह झाला. माणसांनी शहरं घ्यायची, इतरांनी अरण्यं. राजपुत्र नुआदाला हा तह मान्य नव्हता, तो निघून गेला. ही गोष्ट आपल्याला लाकडी बाहुल्यांच्या रूपात दिसते, कारण मुलगा नुकताच टीव्हीवर बाहुल्यांचा कार्यक्रम पाहत होता. ऐकणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट ज्या साहित्यातून उभी राहते तेच साहित्य पडद्यावर वापरायचं, ही सूझ मला फार आवडते. शिवाय माणसाच्या काळजात कधीच न भरणारं एक भोक आहे, हेही याच गोष्टीत येतं. म्हणजे माणसांविरुद्धचं आरोपपत्र मुलाला प्रथम वाचून दाखवतो तो त्याचा प्रेमळ, माणूस असलेला बापच.

नावांपाशी थोडं थांबावंसं वाटतं. आयरिश पुराणकथांत नुआदा हा देवकुळाचा राजा. युद्धात हात गमावल्यावर त्याला चांदीचा हात मिळाला. बॅलर हा त्याच्या शत्रुपक्षाचा, घातक डोळ्याचा राजा, आणि त्याच्याच हातून नुआदाला मरण येतं. देल तोरो या दोघांना बापलेक करतात, तुटलेला हात बापाला देतात, आणि इथे मुलगा बापाला मारतो. बेथमूरा हे एल्फांच्या राज्याचं नाव तर थेट लॉर्ड डनसेनी यांच्या कथेतून उचललेलं. कुणी याला पुराणाची मोडतोड म्हणेल. मला ते रूपांतर वाटतं, कारण मूळचं वैर तसंच ठेवून ते घरात आणलं आहे.

आता मुख्य प्रसंग. ब्रुकलिन पुलाखालच्या छुप्या बाजारातून हेलबॉय बाहेर येतो तेव्हा नुआदा एक हिरवं बी जमिनीवर टाकतो. पाणी मिळताच त्यातून इमारतीएवढा वनस्पतीचा जीव उगवतो, गाड्या उधळतो. हेलबॉयच्या एका हातात गाडीतून वाचवलेलं तान्हं बाळ आहे, दुसऱ्या हातात भलीमोठी बंदूक. वरून नुआदा त्याला सांगतो की हा त्याच्या जातीचा शेवटचा आहे, तुझ्यासारखा आणि माझ्यासारखा. तू आमच्यात जास्त शोभतोस की त्यांच्यात? हेलबॉय घुटमळतो. सुपरहिरोपटात नायक घुटमळतो ते बहुधा नेम चुकू नये म्हणून. इथे तो खरोखर विचार करतो आहे. मग गोळी सुटते. डोकं फुटतं, आणि त्या जिवाचं रक्त जिथे जिथे पडतं तिथे शेवाळ, गवत, फुलं उगवतात. सगळा रस्ता हिरवा होतो. इतका वेळ दणदणाट करणारा चित्रपट एकदम हळू होतो.

या जिवाला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न माझ्यातल्या अनुवादकाला दर वेळी पडतो. राक्षस म्हटलं की गोळी घालणं आपोआप बरोबर ठरतं. वनदेवता म्हटलं तर तो फारच सोज्वळ होतो. याने गाड्या चिरडल्या आहेत, हे विसरायला नको. जवळचा शब्द कोकण-गोव्यातला, ‘राखणदार’. जागा राखणारा, मानपान दिला तर सांभाळणारा, नाही तर उलटणारा. पण तो शब्द योजला की नायकाने राखणदाराला मारलं असं वाक्य होतं, आणि कोकणातला वाचक अशा नायकाबरोबर पुढे जाईल का, याची मला खात्री नाही. चित्रपटालाही ती नाही, म्हणून तर हा प्रसंग इतका चांगला आहे.

बाळाची आई बाळ हिसकावून घेते. गर्दीतून दगड येतो. ज्यांच्यासाठी त्याने आपल्यातल्याच एकाला मारलं तीच ही माणसं. पहिल्या भागात (२००४) मायर्स नावाचा एक सरळसाधा तरुण होता, त्याच्या डोळ्यांनी आपण हे जग पाहत होतो. इथे त्याची बदली अंटार्क्टिकाला झाल्याचं एका वाक्यात उरकलं जातं. अनेकांना हा केवळ विनोद वाटतो, पण त्यामुळे आपल्याला टेकायला माणूसच उरत नाही. उरतात ते हेलबॉय, आगीची लिझ, जलचर एब आणि पोशाखात भरलेला धूर असलेला योहान क्राउस. (क्राउसच्या जर्मन उच्चारांवरचे विनोद मात्र फार लवकर शिळे होतात.) हेलबॉय आणि एब प्रेमभंगाच्या तारेत बिअर पीत बॅरी मॅनिलोचं गाणं भेसूर गातात, तो प्रसंग अनेकांना सैल वाटतो. मला त्यात दोन प्राण्यांची माणसांसारखं दुःखी होण्याची धडपड दिसते.

आणि मग शेवट. यंत्रांच्या दातेरी चाकांवर लांबलचक द्वंद्व होतं, हेलबॉय जिंकतो आणि नुआदाला जिवंत सोडतो. नुआदा पाठीमागून खंजीर उगारतो. त्याची जुळी बहीण नुआला स्वतःच्या छातीत पातं खुपसते, आणि एकाची जखम दुसऱ्याला होत असल्याने तोही मरतो. हे जुळं नातं आधीपासून नीट पेरलेलं आहे, त्यामुळे युक्ती म्हणून ती फसवी नाही. पण तिचा उपयोग कशासाठी होतो? हेलबॉयला उत्तर द्यावं लागू नये यासाठी. पुलाखाली विचारलेला प्रश्न तसाच होता, आणि विचारणाराच दगड होऊन पडतो. त्याने बापाला मारलं, लिलावघरात निष्पापांवर दातपऱ्या सोडल्या, हे खरं. पण माणूस गुन्हेगार आहे म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही. आम्ही संपलो की जग गरीब होईल, असं मरताना तो म्हणतो. पडद्यावर कुणीच ते खोडून काढत नाही.

इथे खांडववन आठवल्याशिवाय राहत नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या प्रकरणात त्या दहनाचा हिशेब मागितला होता, आणि मूळ महाभारतानेही तो बंद केलेला नाही. तक्षक तेव्हा वनात नसतो, म्हणून वाचतो. पुढे तोच अर्जुनाच्या नातवाला डसतो, आणि मग सर्पसत्र पेटतं. जाळलेल्यांच्या बाजूचं कुणीतरी उरतं आणि दोन पिढ्यांनी दारात येतं. देल तोरो यांचं राजघराणं मात्र एका फटक्यात निपटतं, मुकुट लिझच्या आगीत वितळतो, आणि आपण एब रडताना पाहतो. तोपर्यंत ज्या पुलाखालच्या बाजारात एवढं रमलो होतो तिथे चित्रपट परत फिरकतही नाही.

एक हिशेब तेवढा उघडा राहतो. हेलबॉय मरणाच्या दारात असताना पंखांवर डोळे असलेला मृत्युदूत लिझला विचारतो: हा जगला तर जगाचा नाश याच्या हातून होईल, आणि सर्वांत जास्त तुलाच भोगावं लागेल, तरी वाचवू? ती क्षणभरच थांबते आणि हो म्हणते. तिला चित्रपटभर दुसरं फारसं काम नाही, पण हे एक आहे आणि ते प्रचंड आहे. नुआदाला जग तोलायचं होतं. लिझ तोलतच नाही. शेवटच्या प्रसंगात सगळे नोकरी सोडून चालते होतात, आणि ती हेलबॉयला दोन बोटं दाखवते. जुळं आहे. तिसरा भाग देल तोरो यांना कधी करता आला नाही. २०१९ साली वेगळ्या दिग्दर्शकाने, वेगळ्या नटाला घेऊन सगळं पहिल्यापासून सुरू केलं. त्यात ना ही लिझ होती, ना तिने दिलेला होकार.