दोन आनंदीबाई व आपलें चरित्रवाङ्मय

गेल्या पावसाळ्यांत शहापुरास आमच्या घरीं मुरबाडकडच्या एका खेड्यांतील मुलगी निरोप घेण्यास आली होती. परिचारिकेचें शिक्षण पुरें करून ती जर्मनींत नोकरीवर निघाली होती. तिच्या घराण्यांत देशाबाहेर जाणारें हें पहिलेंच माणूस. हातीं कांहीं तरी ठेवावें म्हणून काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र मीं तिला वाचावयास दिलें. मुरबाडची एस. टी. ज्या कल्याणास जाते, त्याच कल्याणांत वाढलेली एक मुलगी अठराव्या वर्षीं एकटी अमेरिकेस गेली, हें वाचून हिला धीर येईल असा माझा हेतु होता. आठ दिवसांनीं ती पुस्तक परत घेऊन आली आणि म्हणाली, "सर, रागावूं नका, पण धीर येण्याऐवजीं मला भीतीच वाटूं लागली. बाई एवढ्या मोठ्या होत्या म्हणून त्यांना जमलें. मला रात्रीं रडूं आलें तर मीं काय करायचें?"

या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. तें पुस्तकांत कोठें आहे का हें पाहण्यासाठीं मीं तें पुन्हां पहिल्यापासून वाचलें. आणि ज्या पुस्तकाची मी वर्षानुवर्षें तरुणांस शिफारस करीत आलों, त्याविषयीं व एकंदर अशा लेखनाविषयीं माझें मत बरेंच बदललें.

आपल्याकडे परदेशगमनाचें वर्णन करण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. थंडी, अन्नाचे हाल, परक्यांची कुचेष्टा आणि घरच्यांचा बहिष्कार हे चार शत्रु उभे करावयाचे व नायिकेनें ते एकामागून एक जिंकले असें दाखवावयाचें. शरीराच्या हालांचें वर्णन करतांना आपले लेखक हात आखडत नाहींत. फिलाडेल्फियांतील त्या खोलींत शेकोटी पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा सोसावा लागे, ही हकीकत प्रत्येकानें सांगितली आहे. मनाचे हाल मात्र 'धैर्य' या एका शब्दाखालीं झांकले जातात. वाचकास असें वाटूं लागतें कीं, आनंदीबाईंना उदास होण्यास वेळच मिळाला नसावा!

काशीबाईंचा दोष दाखवितांना त्यांचें ऋणहि मान्य केलें पाहिजे. त्यांनीं आनंदीबाईंचीं पत्रें छापलीं. तीं त्या काळीं छापलीं नसतीं तर मराठी वाचकाच्या हातीं केवळ एक पुतळा उरला असता. माझें म्हणणें एवढेंच कीं, चरित्राच्या ओघांत काशीबाईंचा सारा रोख कर्तृत्वावर आहे, आणि पत्रांतून दिसणारी खरी गोष्ट निराळीच आहे.

ती गोष्ट एका मावशीची आहे. गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तेथील एका मासिकांत छापून आलें होतें. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीनें तें दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतां वाचलें आणि १८८० सालीं तिनें या अनोळखी मुलीला पत्र लिहिलें. पुढें तीन वर्षें दोघींचा पत्रव्यवहार चालला. मुलगी डोकेदुखीनें व तापानें हैराण आहे असें कळतांच या बाईनें समुद्रापलीकडून औषधें धाडलीं. आनंदीबाई तिला मावशी म्हणूं लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघालेली ही मुलगी ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोंचली, तेव्हां ती परक्या देशांत उतरली हें खरें, पण परक्या माणसाकडे उतरली असें म्हणतां येणार नाहीं. तो उन्हाळा तिनें रोझेलच्या त्या घरांत, कार्पेंटरबाईंच्या मुलांबाळांत काढला. नंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्यावर तेथील प्रमुख रेचल बॉडले यांनीं तिची काळजी वाहिली.

उलट दिशेनें येणारीं पत्रें मात्र वेगळीं होतीं. पत्नीला परदेशीं धाडण्याची हिंमत करणारे गोपाळराव पत्रांतून तिच्यावर संशय घेत, टोंचून बोलत. आनंदीबाईंनीं त्यांस दिलेल्या एका उत्तरांत लहानपणीं त्यांच्या हातून सोसलेल्या माराची आठवण करून दिली आहे. अभ्यासाचें ओझें, क्षीण होत चाललेली प्रकृति आणि घरून येणारा हा दाह, एवढें सगळें त्या मुलीनें कशाच्या बळावर पेललें? जात्याच असलेल्या धैर्याच्या बळावर, असें आपली चरित्रें म्हणतात. मला वाटतें, रोझेलला एक दार आपल्यासाठीं केव्हांहि उघडेल हें तिला ठाऊक होतें म्हणून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास आनंदीबाई वारल्यानंतर त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत, न्यूयॉर्क राज्यांतील पकीप्सी येथें, त्या विसावल्या.

आतां दुसऱ्या आनंदीबाईकडे वळूं. त्याच १८८३ सालीं, त्याच वसंतांत, पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडास निघाल्या. बरोबर लहानगी मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत नांवाची एक सोबतीण होती. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत या तिघींची राहण्याची सोय झाली. आपल्याला बळेंच धर्मांतर करावयास लावतील अशी धास्ती भगतबाईंच्या मनानें घेतली होती, असें सांगतात. थोड्याच महिन्यांत तेथें त्यांनीं आपल्या जीवाचा शेवट करून घेतला. पुढें सप्टेंबरांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, आणि त्या गोष्टीवरून महाराष्ट्रांत जें वादळ उठलें त्यांत भगतबाईंचें मरण कोठल्या कोठें उडून गेलें. रमाबाईंच्या चरित्रांतून त्यांना एखादें वाक्य मिळतें, फार तर दोन. तेंहि पुढच्या प्रकरणाची पायरी म्हणून.

मला या विषयांत सर्वांत मोलाचा वाटलेला पुरावा एका जर्मन पंडिताच्या आठवणींत आहे. या आघातानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलरच्या घरीं कांहीं दिवस राहिल्या होत्या. म्यूलर लिहितो कीं, त्यांचें मन इतकें खचलें होतें कीं रात्रीं त्यांच्या खोलींत निजण्यास एक दासी द्यावी लागे. वेदांचा तो प्रकांड अभ्यासक या ठिकाणीं कांहीं तत्त्वज्ञान सांगत बसला नाहीं. त्याच्या घरानें एक माणूस खोलींत निजविलें. आमच्या रमाबाईविषयक लेखनांत त्यांच्या पांडित्याचें, हट्टाचें, धर्मांतराचें, शारदासदनाचें केवढें विवेचन आहे. परंतु त्या दासीची दखल कोणीं विशेष घेतलेली मला आढळली नाहीं. स्वतः रमाबाईंनींहि अमेरिकेवरील आपल्या १८८९ च्या ग्रंथांत तेथील शाळा, संस्था, स्त्रियांचीं मंडळें यांचें मोठ्या साक्षेपानें वर्णन केलें, पण स्वतःच्या मनाविषयीं त्या बहुतेक मौनच पाळतात. त्या पिढीला असें बोलणें संकोचाचें वाटत असावें. पुढच्या लेखकांना तसा संकोच बाळगण्याचें कारण नव्हतें.

श्री. ज. जोशी यांची १९६८ ची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी या बाबतींत कांहीं अंशीं पुढें जाते. तिनें पुतळ्याला रक्तमांस दिलें, हें कोणीहि नाकबूल करणार नाहीं. तथापि नांवांतच सुचविल्याप्रमाणें ती एका विलक्षण लग्नाची गोष्ट आहे. गोपाळरावांचा विक्षिप्त हेका हा तिचा आस आहे, आणि त्याभोंवतीं फिरतांना मावशीचें घर कडेलाच राहतें. २०१९ च्या चित्रपटानेंहि तोच आस धरला. प्रवासवर्णनांची कथा तर निराळीच. १९६० सालच्या 'अपूर्वाई'नें परदेश मराठी माणसाच्या माजघरांत आणून हंसविलें, पण पाहुण्याचा परदेश आणि राहणाऱ्याचा परदेश यांत अंतर आहे. पाहुण्यास परतीची तारीख ठाऊक असते.

माझ्या विद्यार्थिनीच्या गांवीं कोणी दोन दिवस गप्प बसलें, तर तिसऱ्या दिवशीं शेजारीण ओटीवर येऊन बसते आणि "काय झालं गं बाय?" म्हणून विचारते. फारच झालें तर भगताला बोलावतात. त्याचे अंगारेधुपारे मला मान्य नाहींत, व त्यांपायीं खऱ्या उपचारास झालेला विलंब मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. तथापि त्यानिमित्तानें चार माणसें आजाऱ्याभोंवतीं जमतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परदेशांतल्या भाड्याच्या खोलींत ओटीहि नाहीं व शेजारीणहि नाहीं. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, उत्तर अमेरिकेंत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. गणपति आणि नाटकें यांच्या आडून अशीं मंडळें हेंच काम थोडेंफार करीत असतील. आपल्या सरकारनें २०२२ सालीं १४४१६ हा मनःस्वास्थ्याचा दूरध्वनि सुरू केला. त्यावर मराठींतूनहि बोलतां येतें, मात्र ती सोय देशांतल्या माणसांसाठीं आहे. परदेशांतील वकिलातींजवळ २००९ पासून एक साहाय्यनिधि आहे. त्यांतून अडलेल्यास निवारा, तांतडीचे औषधोपचार आणि मरण आलें तर देह मायदेशीं आणण्याचा खर्च मिळूं शकतो. मन लागत नाहीं एवढ्या कारणासाठीं वकिलातीची पायरी चढणारा मराठी माणूस मात्र मला अजून भेटावयाचा आहे. त्याला तसें करण्याची लाज वाटते. आणि ही लाज त्याला शिकविण्यांत आपल्या धैर्यकथांचाहि वांटा आहे.

म्हणून आनंदीबाईंचें चरित्र पुन्हां कोणीं लिहावयास घेतल्यास त्यांनीं कार्पेंटरबाईंना एक सबंध प्रकरण द्यावें. आणि भगतबाईंविषयीं कोणीं तरी स्वतंत्रपणें शोध घ्यावा. त्यांचें माहेर कोणतें, त्यांना शिकून काय व्हावयाचें होतें, वाँटेजला त्यांच्याशीं मराठींत बोलणारें रमाबाईंवांचून दुसरें कोणी होतें काय, या गोष्टी मराठी वाचकापुढें येणें अवश्य आहे. धर्मांतराच्या वादांत त्यांना साक्षीदार म्हणून उभें करण्याचा मोह मात्र दोन्ही पक्षांनीं टाळावा.

त्या मुलीला मीं तें पुस्तक दुसऱ्यांदा दिलें. या खेपेस मावशीला लिहिलेल्या पत्रांच्या पानांत कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या, आणि सांगितलें कीं एवढींच वाच, बाकीचें राहूं दे. तिच्या रुग्णालयांत नव्या परिचारिकांचें म्हणणें ऐकण्यास कोण नेमलेलें आहे, तें तेथें पोहोंचतांच पहिल्या आठवड्यांत विचारून ठेव, अडचण आल्यावर नव्हे, असेंहि बजावलें. सप्टेंबरांत ती गेली. पुस्तक तिच्याकडेच आहे.