दान आणि हक्क : वि. प्र. सिंगांच्या चरित्राचे राजकारण

विश्वनाथ प्रताप सिंग २७ नोव्हेंबर २००८ रोजी गेले. आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता. त्या गदारोळात हे मरण कोपऱ्यात गेले. त्यानंतर त्यांच्यावर जे लिहिले गेले, त्यात दोन सूर ठळक आहेत. एक म्हणतो, मंडल हा देवीलालांना दिलेला शह होता. दुसरा सांगतो, मांडा संस्थानात दत्तक गेलेला हा राजा कवी होता, चित्रकार होता. त्याने भूदानात जमीन दिली, डायलिसिसवर जगतानाही तो आंदोलने करीत राहिला.

मला दोन्ही मीमांसा अपुऱ्या वाटतात. दोन्ही माणसाच्या मनात डोकावतात आणि समाजव्यवस्थेकडे पाठ फिरवतात.

बोफोर्सच्या वेळी पांढरपेशा वर्गाला त्यांच्यात फकीर दिसला. ७ ऑगस्ट १९९० रोजी त्यांनी इतर मागासवर्गीयांना केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के जागा जाहीर केल्या आणि तोच वर्ग त्यांना देशबुडवा म्हणू लागला. माणसाचे चारित्र्य तेच होते. बदलला होता तो जागांचा वाटा.

पण आपणही सावध असले पाहिजे. १९९० सालीच बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले आणि बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. माझ्या वडिलांचा 'बौद्ध' असा दाखला त्यापूर्वी केंद्राच्या एका कचेरीतून परत आला होता. राज्यात चालणारा दाखला तिथे चालत नव्हता. माझा चालला. मी घरातला पहिला पदवीधर. म्हणून सिंगांविषयी कृतज्ञता आहे, आणि ती मी लपवीत नाही.

तरीही तो कायदा राजाच्या दयेतून आला, असे मी विद्यार्थ्यांना शिकवणार नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर चौतीस वर्षे आपल्या माणसांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. मंडल आयोगाचा अहवालही १९८० च्या अखेरीस सादर होऊन जवळजवळ दहा वर्षे धूळ खात पडला होता. सिंगांनी तो उचलला, सत्ता पणाला लावली. हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे.

भूदानातली जमीन हे दान होते. तिथे देणाऱ्याचे मन पाहावे. आरक्षण हा हक्क आहे. तिथे घेणाऱ्यांचा लढा पाहावा लागतो. त्यागी राजाची गोष्ट सांगता सांगता चरित्रकार हक्काचेही दान करून टाकतात. दान दिलेले परत मागता येते, असे उद्या कोणी म्हणाले, तर आपण काय उत्तर देणार?