सिस्टीन वाचवतं, पण कशाच्या रूपात?

पेटची तयारी करताय ना? मग २०१४चा, 'नेचर'मधला बिंदू पॉल आणि सॉलोमन स्नायडर यांचा पेपर वाचाच. हंटिंग्टन आजारात मेंदूतलं सिस्टीन बनवणारं एन्झाइम घटतं. सिस्टीन पुरवल्यावर आजारी उंदरांची स्थिती सुधारली. नुसती घट दाखवून न थांबता भरपाई करून पाहिली, ही या पेपरची ताकद.

पण सिस्टीन हा गंधकाचा कच्चा माल. त्यातून ऑक्सिडेशनचा मार झेलणारं ग्लुटाथायोन बनतं आणि हायड्रोजन सल्फाइडही. मग फायदा नेमका कोणामुळे झाला? नुसतं सिस्टीन देऊन हे कळत नाही. त्यासाठी फक्त हायड्रोजन सल्फाइड सोडणारी रसायनं वापरून पाहायला हवीत. अशी रसायनं पुण्याच्या आयसरमध्ये हरिनाथ चक्रपाणी यांचा गट बनवतो.

तेव्हा 'अँटिऑक्सिडंट' शब्द दिसला की लगेच मान डोलावू नका. आधी विचारा, कोणता रेणू?